बाळंतपणानंतरच्या कळा आणि चिनी शेक

बाळ जन्माला आले, वार पडली, टाके घालून झाले, की बाळंतपण पार पडले असे बहुतेकांना वाटते आणि त्या क्षणापासून खोलीतील सर्वांचे लक्ष बाळाकडे वळते. आईच्या शरीराचे एक मोठे काम मात्र त्यानंतरच सुरू होते. प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचे वजन साधारण १ किलो असते आणि त्याचा माथा बेंबीच्या पातळीवर हाताला लागतो. पुढच्या सहा आठवड्यांत तेच गर्भाशय आवळत आवळत ५० ते १०० ग्रॅमपर्यंत येते. हे आवळणे कळांच्या रूपानेच होते. पहिल्या खेपेला या कळा अनेकींना फारशा जाणवत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मात्र त्या चांगल्याच तीव्र असतात, आणि बाळाला पाजायला घेतले की शरीरात ऑक्सिटोसिन हे गर्भाशय आवळणारे संप्रेरक स्रवत असल्यामुळे नेमक्या त्याच वेळी त्या उसळून येतात. पाजताना आईचा चेहरा आक्रसतो, ती ओठ घट्ट मिटून घेते, आणि भोवतालच्या माणसांना वाटते की बिचारी दमली आहे. ‘मोकळी झालीस, आता काय दुखायचे राहिले?’ हे वाक्य आपल्याकडच्या किती बाळंतिणींनी ऐकले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

दक्षिण चीनमधील ग्वांगझू शहरात आम्ही काही वर्षे राहिलो आणि माझे दुसरे बाळंतपण तिथेच झाले. त्यामुळे या एका वेदनेकडे एखाद्या वैद्यकपरंपरेने किती गांभीर्याने पाहिले आहे, हे मला जवळून अनुभवता आले. चिनी वैद्यकात बाळंतपणानंतरच्या पोटदुखीला आजाराचा स्वतंत्र दर्जा आहे, तिचे प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकाराचे उपचार वेगळे आहेत. मूळ विचार असा की बाळंतपणानंतर स्त्रीच्या शरीरात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात: रक्त गेल्यामुळे शरीर रिते होते आणि जे रक्त बाहेर पडायला हवे ते पूर्ण न पडता आत साकळते. रिकाम्या झालेल्या जागेत थंडी शिरली, तर रक्त गोठते, त्याचे वाहणे अडते, आणि जिथे वाहणे अडते तिथे दुखते. दाबल्यावर बरे वाटणारे दुखणे रितेपणाचे आणि हात लावू न देणारे दुखणे साकळण्याचे, असा भेद वैद्य करतात. दोन्हींवर पहिला उपाय म्हणजे ऊब.

ही ऊब पोटातून दिली जाते आणि बाहेरूनही दिली जाते. इसवी सनाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शतकांच्या सांध्यावर होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग या वैद्याने बाळंतिणीच्या पोटदुखीवर दंगग्वेई नावाची मुळी, आले आणि मटण यांचा रस्सा सांगितला होता, आणि तो आजही चीनमधील घरांतून केला जातो. सातव्या शतकातील सुन सिमियाओ याने तर आपल्या प्रचंड वैद्यकसंग्रहात स्त्रियांच्या उपचारांना अगदी आरंभीचे स्थान दिले. ग्वांगझूच्या बाजूला आले, काळा गोडसर व्हिनेगर, अंडी आणि डुकराचे पाय एकत्र शिजवून बाळंतिणीला देतात आणि बाळाला पाहायला येणाऱ्यांच्या हातीही त्याची वाटी ठेवतात. माझ्यासाठी त्यातून मांस वगळले गेले. आले मात्र कोणत्याही पदार्थातून वगळले गेले नाही.

बाहेरून द्यायच्या उबेचा सर्वात विकसित प्रकार म्हणजे आयजिऊ, ज्याला जगभर मॉक्सिबशन या नावाने ओळखले जाते. आय ही एक वनस्पती आहे. कोल्हापूरच्या ज्योतिबाला आपण जो सुगंधी दवणा वाहतो, त्याच्याच कुळातील, आर्टिमिसिया याच प्रजातीतील ही बहीण. तिची पाने वरून हिरवी आणि खालून पांढुरक्या लवेची असतात, आणि उपचाराच्या दृष्टीने ही लवच महत्त्वाची असते. चिनी पंचांगाच्या पाचव्या महिन्यातील पाचव्या दिवशी, ड्रॅगन नौकांच्या सणाला, या वनस्पतीच्या जुड्या दारावर लावतात आणि त्याच सुमारास तिची कापणी होते. हूबेई प्रांतातील चीचुन हा परगणा त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे, आणि सोळाव्या शतकातील थोर वनौषधीतज्ज्ञ ली शिझेन हाही त्याच भागातला. पाने वाळवून, कुटून, चाळून देठ आणि शिरा काढून टाकल्या की मागे मऊ, पिवळसर कापसासारखा गोळा राहतो. तो जितका जुना तितका चांगला मानतात, कारण साठवणीत त्यातील उडून जाणारी तेले कमी होतात आणि मग तो भडकून न पेटता सावकाश, एकसारखा धुमसत राहतो. तीन वर्षे मुरलेल्या आयचा उल्लेख मेन्शियस या प्राचीन तत्त्ववेत्त्याच्या वचनांतही येतो, यावरून ही समज किती जुनी आहे ते कळते.

सुयांच्या उपचाराला, म्हणजे ॲक्युपंक्चरला, आज अधिक प्रसिद्धी असली, तरी लेखी पुराव्यापुरते पाहिले तर शेक त्याच्या मागे नाही. हुनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे १९७३ मध्ये एक कबर उघडण्यात आली. तिच्यात इसवी सनपूर्व १६८ मध्ये दफन झाले होते. तिथे रेशमावर लिहिलेले जे वैद्यकग्रंथ सापडले, त्यांत शरीरातील अकरा वाहिन्यांचे वर्णन असून त्यांच्यावरील उपचार म्हणून फक्त शेक सांगितला आहे. सुयांचा तिथे उल्लेख नाही.

जुन्या काळी हा शेक सौम्य नव्हता. आयचा लहानसा गोळा थेट कातडीवर ठेवून जाळत, फोड येई आणि व्रण राही. दक्षिण सोंग काळातील (बारावे-तेरावे शतक) चित्रकार ली थांग याच्या नावाने ओळखले जाणारे एक चित्र तैपेईच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यात गावातला वैद्य एका म्हाताऱ्याच्या पाठीवर असा उपचार करत आहे, भोवतालच्या माणसांनी त्याला धरून ठेवले आहे आणि तो तोंड फाडून ओरडत आहे. वेदना घालवण्यासाठी वेदना देण्याच्या या टप्प्यापासून आजच्या हलक्या उबेपर्यंत ही परंपरा हळूहळू आली. आधी कातडी आणि आय यांच्यामध्ये आल्याची चकती, लसूण किंवा मीठ ठेवण्याची पद्धत होतीच, मग मिंग काळात (चौदावे ते सतरावे शतक) आय कागदात गुंडाळून केलेली लांब कांडी आली, जी शरीराला न टेकवताच धरता येते.

ग्वांगझूमध्ये युएश्यू टेकडीच्या पायथ्याशी सान्युआन नावाचे ताओपंथी मंदिर आहे आणि त्यात बाओ गू या स्त्रीचे दालन आहे. ती चौथ्या शतकातील, आणि याच टेकडीवर उगवणाऱ्या आयने ती लोकांवर उपचार करीत असे, अशी तिची ख्याती आहे. तिचा नवरा गे होंग हा प्रसिद्ध वैद्य आणि किमयागार. आर्टिमिसियाच्या दुसऱ्या एका बहिणीचा रस हिवतापावर द्यावा, अशी त्याची नोंद वाचूनच तू योयो या चिनी शास्त्रज्ञ बाईंना आर्टिमिसिनिन हे औषध काढण्याची दिशा मिळाली आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नवऱ्याची एक ओळ जगभर पोहोचली. बाओ गूच्या हातचे उपचार मात्र तिच्या स्वतःच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलेले नाहीत, याची मला त्या दालनात उभी असताना फार हळहळ वाटली. १८२२ मध्ये दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुया आणि शेक यांचा विभाग कायमचा बंद केला, तरी घराघरांतून ही विद्या गेली नाही. आणि १९५१ मध्ये बीजिंगमध्ये सरकारने तिच्यासाठी पुन्हा संस्था उभारली, तेव्हा तिच्या प्रमुखपदी झू लियान या स्त्री डॉक्टर होत्या. २०१० मध्ये युनेस्कोने सुया आणि शेक या दोन्हींना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

आता प्रत्यक्ष उपचाराविषयी. बाळंतिणीची आणि बाळाची देखभाल करणाऱ्या अनुभवी बाईला तिकडे युएसाओ म्हणतात. आमच्याकडे आलेल्या युएसाओबाई पन्नाशीच्या होत्या आणि शेक देण्याचे त्यांचे काही नियम ठरलेले होते. पहिले काही दिवस त्यांनी आयला हातही लावला नाही. अंगावरचे जाणे कमी झाले आहे, ताप नाही, नाडी शांत आहे, हे त्या रोज पाहत होत्या, आणि रुग्णालयातील डॉक्टरांनी होकार दिल्यावरच त्यांनी आपली लाकडी पेटी काढली. या पेटीच्या तळाला जाळी असते, वर कांडीचा तुकडा खोचायला भोक असते आणि झाकण सरकवून हवा, म्हणजेच उष्णता, कमीजास्त करता येते. बेंबीच्या खाली दीड अंगठा अंतरावर एक बिंदू आणि तीन अंगठे अंतरावर दुसरा, या दोहोंना सामावून घेईल अशी ती पेटी त्या ओटीपोटावर ठेवीत. आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर असलेल्या तिसऱ्या बिंदूसाठी त्या कांडी हातात धरीत, कातडीपासून दोन-तीन सेंटीमीटर दूर, आणि कातडी गुलाबी दिसू लागली की थांबत. एका जागेला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ त्या देत नसत.

मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट त्यांच्या दुसऱ्या हाताची होती. कांडी धरलेली असताना दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधले बोट त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना माझ्या कातडीवर टेकवून ठेवीत. उष्णता किती पोहोचते आहे, हे माझ्याआधी त्यांच्या बोटांना कळत असे. लहान मुलांना किंवा ज्यांच्या कातडीची संवेदना कमी झाली आहे अशांना शेक देताना असेच करावे, असे शिकवले जाते. आमच्या युएसाओबाई सगळ्यांनाच तसे करीत. ऊब आधी वरवर जाणवायची, मग हळूहळू आत उतरायची, आणि पोटात वळलेली मूठ कोणीतरी सैल करावी तशी कळ ओसरायची. पाजण्याच्या वेळेआधी शेक झाला असेल, तर त्या वेळची कळ येई, पण ती सोसवेल अशी असे.

हे का होत असावे, याचे काही उत्तर आजच्या शरीरशास्त्रातही मिळते. गर्भाशयाच्या वेदना वाहून नेणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यात ज्या पातळीवर शिरतात, त्याच पातळीवर बेंबीपासून जांघेपर्यंतच्या कातडीचे मज्जातंतूही शिरतात. म्हणून त्या कातडीला मिळालेली ऊब वेदनेच्या संदेशाला तिथेच अडवू शकते. शिवाय उबेने रक्तपुरवठा वाढतो आणि स्नायू सैल पडतात. चिनी वैद्यांनी निवडलेले बेंबीखालचे बिंदू नेमके आवळणाऱ्या गर्भाशयावरच येतात, आणि त्यांना मज्जातंतूंचा नकाशा माहीत नसतानाही ही जागा सापडली, याचे मला मनापासून कौतुक वाटते. बाळंतपणानंतरच्या कळांची जवळची नातेवाईक म्हणजे मासिक पाळीतील कळ. त्या कळेवर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ओटीपोटावर बांधलेल्या सुमारे ३९ अंश सेल्सिअसच्या पट्टीने इबुप्रोफेनच्या गोळीइतकाच आराम दिल्याचे आढळले. एवढी सौम्य ऊब, पण बराच वेळ टिकणारी.

म्हणूनच माझे मत असे आहे की इथे मुख्य काम उबेचे आहे; आयच्या पानात किंवा त्या विशिष्ट बिंदूत याहून वेगळी शक्ती आहे असे मी म्हणणार नाही. आयजिऊवरचा सर्वात गाजलेला अभ्यास वेदनेचा नाहीच. १९९८ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात जिआंगशी प्रांतातील २६० पहिलटकरणींवरची चाचणी प्रसिद्ध झाली. पोटातील बाळ पायाळू असताना आईच्या पायाच्या करंगळीच्या नखाजवळ शेक दिला, तर १३० पैकी ९८ बाळे डोक्याकडे वळली, आणि शेक न दिलेल्या १३० जणींमध्ये ६२. करंगळीवरच्या शेकाने गर्भाशयातील बाळ का वळावे, याचे सोपे उत्तर नाही, आणि म्हणून मी दार पूर्ण बंद करीत नाही. परंतु ज्या बाईचे ओटीपोट दुखते आहे, तिला आयची कांडी मिळाली नाही म्हणून ऊब मिळू नये, असे व्हायला नको. चीनमध्येही कित्येक घरांत जाडे मीठ कढईत भाजून, कापडी पिशवीत बांधून ओटीपोटावर ठेवतात, आणि ती पद्धतही तितकीच जुनी आहे.

मात्र याच परंपरेत एक गोष्ट अशी आहे, जिच्याबद्दल स्पष्ट लिहिलेच पाहिजे. बाळंतिणीने महिनाभर घरात बसायचे, वारा लागू द्यायचा नाही, थंड पाण्याला हात लावायचा नाही, केस धुवायचे नाहीत, खिडक्या बंद, अंगावर जाड कपडे, असा जो नियमांचा संच चीनमध्ये पाळला जातो, त्यात नेमक्या जागी, मोजून द्यायची उष्णता संपूर्ण खोलीवर पसरली आहे. चीनमधील उन्हाळा भयंकर असतो. बंद खोलीत, पंख्याशिवाय, गोधडीत ठेवलेल्या बाळंतिणींना उष्माघात होतो, काहींचा जीव जातो, आणि हे इतके ओळखीचे आहे की सूतिकाकाळातील उष्माघात हे तिथल्या प्रसूतिशास्त्रात वेगळे निदान म्हणून शिकवले जाते. हालचाल न करता पडून राहिल्याने पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. पोटरी दुखत असेल, सुजली असेल, तर तिला शेकत बसणे घातक ठरू शकते. आणि ज्या ठिकाणी टाके पडले आहेत, तिथे सुरुवातीला ऊब नकोच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत त्या जागेच्या वेदनेसाठी बर्फाच्या किंवा थंड पिशव्यांचा पर्याय दिला आहे. बाळंतिणीच्या अंगाला थंडगार पिशवी, हे चिनी आजीला आणि आपल्या आजीलाही ऐकवणार नाही. पण एकाच बाईला, एकाच दिवशी, पोटावर ऊब आणि टाक्यांवर गारवा, असे दोन्ही लागू शकते.

आपल्या घरांतील बाजेखालची शेगडी, ओवा आणि बाळंतशेपाची धुरी आणि बंद केलेली खिडकी याच जातीची आहे. आई कोल्हापूरहून फोनवर विचारायची, ‘अगं, शेगडी नाही तर निदान शेक तरी घेतेस ना?’ आणि मी आमच्या युएसाओबाईंची पेटी तिला दाखवली, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. शेकण्याबद्दल तिला मुळीच समजवावे लागले नाही, धुराबद्दल मात्र बरेच समजवावे लागले. कोळशाची शेगडी असो वा आयची कांडी, बंद खोलीत ती कार्बन मोनॉक्साइड सोडते आणि नवजात बाळाच्या फुफ्फुसांना तो धूर नको असतो. आमच्याकडे शेक चालू असताना बाळ दुसऱ्या खोलीत असे आणि खिडकी उघडी ठेवली जाई.

शेक कधी देऊ नये, हे चिनी परंपरेला स्वतःलाच ठाऊक होते. रश्शाचा उल्लेख वर ज्याच्या नावाने केला, त्याच झांग झोंगजिंगने बजावून ठेवले आहे की नाडी बारीक आणि जलद असेल, तर शेक देण्याचे टाळावे. बाळंतिणीची नाडी बारीक आणि जलद होण्याची आज आपल्याला माहीत असलेली दोन मोठी कारणे म्हणजे रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग, आणि दोन्हींत शेक देत वेळ घालवणे म्हणजे जिवाशी खेळ. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, अंगावरचे जाणे दुर्गंधीयुक्त असेल, ताप भरला असेल, किंवा कळा कमी होण्याऐवजी दिवसागणिक वाढत असतील, तर पेटी बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. सिझेरियन झालेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: व्रणाच्या भोवतालची कातडी बरेच दिवस बधिर असते, तिला भाजलेले कळत नाही, आणि तिथेच ती दुसऱ्या हाताची दोन बोटे उपयोगी पडतात.

भारतात ही विद्या ज्या वाटेने आली, तिच्यात महाराष्ट्राचाही थोडा वाटा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन सुयांचा उपचार शिकून घेतला आणि कोलकात्यात त्याची सुरुवात केली. शेक मात्र त्या मानाने आपल्याकडे मागे पडला, कदाचित शेकायला आपल्याला कोणाची गरज नाही असे वाटल्यामुळे.

पुण्यात किंवा नागपुरात बाळंत झालेल्या एखाद्या मैत्रिणीने मला विचारले, तर मी तिला असे सांगेन. या कळा खऱ्या आहेत आणि त्या सोसत राहणे हे काही आईपणाचे लक्षण नाही. इबुप्रोफेनसारख्या गोळ्या त्यांच्यावर चांगल्या लागू पडतात, स्तनपान करतानाही बहुतेकींना त्या चालतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत त्यांना स्थान आहे; तुझ्या डॉक्टरांना विचारून त्या घे. त्यासोबत ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून ठेव, पाजण्याच्या थोडे आधी, कातडी लाल होईपर्यंत नव्हे तर नुसती उबदार वाटेपर्यंत. पंखा बंद करू नकोस, केस धू, घरात हिंड. आणि घरातील एखादी व्यक्ती, सासूबाई, आई, नणंद किंवा नवरा, तेवढा वेळ बाळाकडे न बघता तुझ्याजवळ बसेल आणि पिशवी फार गरम तर नाही ना, हे स्वतःच्या हाताने पाहील, अशी व्यवस्था बाळंतपणाच्या आधीच ठरवून ठेव.